दोन स्विचचं बिल, सगळं स्टोरेज एकाच स्विचवर

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी बडोद्यात शिरलं, तेव्हा अकोट्यातल्या आमच्या ऑफिसचा तळमजला बुडाला. सर्व्हरची खोली तिथेच होती. बॅकअप मकरपुऱ्याच्या कारखान्यात होता म्हणून डेटा वाचला, यंत्रं मात्र गेली. ७ सप्टेंबरला गणपती बसले आणि मंडळातल्या ओळखीतून एक गृहस्थ शेठांकडे आले. मराठी, दांडिया बाजारात वाढलेले, बोलायला गोड. "आपल्या माणसाला मी बाहेरचा भाव लावणार नाही," असं म्हणून त्यांनी आठवड्यात सगळं उभं करून द्यायचा शब्द दिला. पुरानंतर काम सुरू करायची घाई साऱ्या गावाला होती. फसवणारे विक्रेते नेमकी तीच वेळ साधतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

कोटेशनमध्ये खोट काढायला जागा नव्हती. तीन सर्व्हरचं प्रॉक्समॉक्स क्लस्टर (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरमधले संगणक, मिळून चालवणारा सर्व्हरचा गट), दोन कंट्रोलरचं आय-स्कझी स्टोरेज (सर्व्हरनी नेटवर्कवरून वापरायची डिस्कची पेटी), या सगळ्यांच्या केबल जोडणारे १० गिगाबिटचे एकाच मॉडेलचे दोन नेटवर्क स्विच, नव्या डिस्क. अशा मांडणीत व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क सर्व्हरमध्ये नसतात, सामायिक स्टोरेजवर असतात. मधली वाट तुटली की तिन्ही सर्व्हर चालू असूनही काम ठप्प होतं. म्हणून वाटा दोन ठेवतात: प्रत्येक सर्व्हरच्या दोन पोर्टांतून दोन केबल, त्या दोन वेगळ्या स्विचमध्ये, दोन वेगळ्या सबनेटवर (आयपी पत्त्यांच्या गटांवर), आणि तिथून दोन्ही कंट्रोलरकडे. एक स्विच मेला तर मल्टिपाथ, म्हणजे सर्व्हरमधलं या वाटा सांभाळणारं सॉफ्टवेअर, दुसऱ्या वाटेने काम चालू ठेवतो. दुसऱ्या स्विचचे पैसे आपण एवढ्यासाठीच मोजतो.

माल ताब्यात देताना त्यांनी मल्टिपाथच्या स्क्रीनवर दोन्ही पाथ, म्हणजे वाटा, 'अ‍ॅक्टिव्ह' दाखवले. रॅकमध्ये दोन्ही स्विचचे दिवे लुकलुकत होते.

पुढे उन्हाळ्यात एका दुपारी पहिल्या स्विचचा पॉवर सप्लाय जळाला आणि टॅली, ईआरपी, डिस्पॅचची मशीनं एकदम गोठली. लिनक्सच्या मशीनमधल्या फाइल सिस्टिम 'रीड ओन्ली' झाल्या. प्रॉक्समॉक्सच्या एचएने (सर्व्हर बंद पडला की त्यावरची मशीनं दुसऱ्या सर्व्हरवर चालू करणाऱ्या सोयीने) एकही मशीन हलवलं नाही, कारण त्याच्या लेखी तिन्ही सर्व्हर जिवंत होते; स्टोरेज तुटलं म्हणून तो मशीन हलवत नाही. फोन केला तर गृहस्थ म्हणाले, "अहो, दोन स्विच आहेत ना? तुमच्या लाइटचाच काही प्रॉब्लेम असेल."

मी केबल हाताने मागे मागे धरत गेलो. सर्व्हरच्या दोन्ही केबल, कंट्रोलरच्या दोन्ही केबल, सगळ्या पहिल्याच स्विचमध्ये. दुसऱ्या स्विचला पहिल्याकडून आलेली एक पॅच कॉर्ड आणि ऑफिसची चार कनेक्शनं, एवढंच. मल्टिपाथचा स्क्रीन खोटं बोलत नव्हता. पोर्ट दोन, आयपी दोन, म्हणून त्याला पाथ दोन दिसतात. मधे स्विच किती आहेत हे त्याला कळत नाही, आणि विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं.

असं का केलं, ते दुसऱ्या स्विचमध्ये लॉगिन केल्यावर उलगडलं. वर १० गिगाबिटच्या मॉडेलचं स्टिकर, आत १ गिगाबिटचं जुनं मॉडेल. सिरियल नंबरही बिलातल्यापेक्षा निराळा. स्टोरेज त्यावर घेतलं असतं तर वेग सेकंदाला ११०-१२० मेगाबाइटच्या पुढे गेला नसता आणि पहिल्याच दिवशी बोभाटा झाला असता.

मग डिस्क तपासल्या. सीगेटच्या होत्या, कंपनीचा यात काही दोष नाही. स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते त्या नोंदीत, चालू तास अगदी कमी दिसत होते, पण तो आकडा पुसता येतो. सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाची वेगळी नोंद असते आणि डिस्क तपासायच्या स्मार्टमॉनटूल्स या सॉफ्टवेअरच्या ७.४ आवृत्तीपासून ती वाचता येते. तिथे हजारो तास निघाले. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत नव्या म्हणून विकलेल्या जुन्या डिस्क याच नोंदीमुळे पकडल्या गेल्या होत्या.

तुमच्याकडे असं काम चालू असेल तर शेवटचा हप्ता देण्याआधी विकणाऱ्याला समोर उभं करा, एखाद्या मशीनवर मोठी फाइल कॉपी करायला लावा आणि एका स्विचची पॉवर केबल काढा. कॉपी क्षणभर अडखळून पुढे सरकली पाहिजे. मग ती केबल परत लावा, दोन्ही पाथ वर आले की दुसऱ्या स्विचची काढा. "चालू सिस्टिमवर असं करत नाहीत" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. ताबा देण्याच्या दिवशी हेच करतात. ९००० एमटीयू (नेटवर्कवर एका पॅकेटमध्ये जास्तीत जास्त किती बाइट जातील ती मर्यादा) ठेवला आहे असं सांगितलं, तर तुकडे न पाडण्याच्या अटीवर ८९७२ बाइटचा पिंग (चाचणीचा संदेश) दोन्ही वाटांनी करून बघा. मधे एका पोर्टवर १५०० राहिला असेल तर लॉगिन होतं, स्टोरेज दिसतं आणि मोठं लिखाण मात्र अडकतं.

ग्राहक आयोगाच्या भरवशावर राहू नका. २०१९ च्या कायद्यात व्यापारासाठी घेतलेला माल सहसा बसत नाही. आमच्या वकिलांनी दिवाणी दावा आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार, असे दोन मार्ग सांगितले. तक्रारीचा अर्ज तयार आहे. सोबत स्टिकरचे फोटो, लॉगिनचे स्क्रीनशॉट आणि डिस्कच्या नोंदी जोडल्या आहेत. त्या पुरानंतर बडोद्यात ज्यांनी ओळखीतून असा माल घेतला, त्यांनी आपल्या स्विचचे आतले नंबर बिलाशी ताडून बघावेत. जुळले नाहीत तर काहीही परत पाठवू नका, बदलून घेऊ नका. पुरावा तोच आहे.