क्रेगीव्हार की क्रॅथिस? एकच टॉवर हाउस पाहायचं असेल तर

स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला मुक्काम आहे आणि हाताशी एकच दिवस, तर क्रेगीव्हार आणि क्रॅथिस ही दोन्ही टॉवर हाउस, म्हणजे मनोऱ्यासारखे उंच, बंदोबस्ताचे राहते वाडे, उरकण्याच्या भानगडीत पडू नका. दोन्ही वास्तू नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहेत आणि तोंडवळाही एकाच घराण्यातला: खाली जाडजूड भिंती आणि कमानदार छताचा तळमजला, वर टोकदार टोप्या घातलेले इवलेसे बुरूज. मोठ्या तोफखान्यापुढे यांचा निभाव लागला नसता. वैऱ्याची टोळी चालून आली तर दार लावून बसता यावं, एवढाच बंदोबस्त; बाकी सगळा थाट.

क्रॅथिस बर्नेट घराण्याचं. जमीन 1323 मध्ये स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट द ब्रूस याने दिली. त्याची खूण मानलं जाणारं हस्तिदंती शिंग आजही दिवाणखान्यात आहे. वाडा मात्र 1553 ते 1596 मधला. इथे मान वर करूनच फिरायचं. छताच्या लाकडी तुळयांवर आणि फळ्यांवर थेट रंगवलेले, मध्ययुगीन युरोपने आदर्श मानलेले नऊ वीर, त्यांत हेक्टर, सीझर, राजा आर्थर. ही चित्रं मधली कित्येक वर्षं नव्या छताआड झाकलेली होती, एकोणिसाव्या शतकात उघडी पडली. गोल जिन्यात एक पायरी मुद्दाम वेगळ्या उंचीची आहे. अंधारात वर धावणारा परका तिथे हमखास अडखळणार.

क्रेगीव्हार विल्यम फोर्ब्सने 1610 मध्ये अर्धवट अवस्थेत विकत घेतलं आणि 1626 मध्ये पुरं केलं. बाल्टिक समुद्रावरच्या व्यापारात पैसा केलेला हा गडी, म्हणून तिथल्या डॅन्झिग बंदरावरून लोक त्याला ‘डॅन्झिग विली’ म्हणत. पिढीभरातच फॅशन पालटली होती: इथे रंगवलेल्या फळ्या नाहीत, नक्षीदार गिलावा आहे आणि भिंतीतल्या शेकोटीच्या वर स्टुअर्ट राजांचं राजचिन्ह. बाहेरून गुलाबी लिंपण. खालचे मजले जवळपास कोरे, सगळी हौस माथ्यावर. तळमजल्याच्या वर विजेचे दिवे नाहीत, त्यामुळे खिडकीतून येईल तेवढ्याच उजेडात खोल्या दिसतात.

वास्तुरचना समजून घ्यायची असेल तर माझं मत बिनदिक्कत क्रेगीव्हारला. नंतरच्या पिढ्यांनी तिथे फारशी ठिगळं लावलेली नाहीत. क्रॅथिसला मात्र पुढे एक वेगळी इमारत जोडली गेली आणि 1966 च्या आगीत तिची राख झाली.

पण सोबत आई-बाबा किंवा मुलं असतील तर क्रॅथिसच बरं. मोठी कुंपणबंद बाग, त्यात 1702 पासूनची यू या सदाहरित वृक्षाची कातरलेली झाडं. जिने चढायचे नसतील त्यांचाही वेळ मजेत जातो. शिवाय ॲबर्डीन–बँकरी रस्त्यावर असल्याने बस मिळते. क्रेगीव्हार आडबाजूला, अल्फर्डजवळ. स्वतःची गाडी हवी, आणि आत जायचं ते वाटाड्याबरोबरच.

क्रॅथिसला लवकर आटोपलं तर ड्रम किल्ला थोड्याच अंतरावर आहे. तिथला जवळपास बिनखिडक्यांचा मध्ययुगीन मनोरा आणि त्याला चिकटलेला 1619 चा वाडा शेजारी-शेजारी पाहिले की टॉवर हाउस कुठून सुरू झालं ते लगेच कळतं.