सिंगापूरचे ‘ट्रान्झिट परवाना पत्र’: आमच्या कुटुंबाची झालेली फसवणूक

मे महिन्यात सिंगापूरमार्गे बालीला निघालेल्या आमच्या चौघांच्या कुटुंबाला मुंबई विमानतळाच्या चेक-इन काउंटरवरूनच परत फिरावे लागले. त्याला कारण ठरले एका प्रवास एजंटाने पैसे घेऊन दिलेले ‘ट्रान्झिट परवाना पत्र’. अशा नावाचे कोणतेही पत्र सिंगापूरचे इमिग्रेशन खाते देत नाही, हे मला सामान पट्ट्यावर चढवल्यानंतर कळले. इतरांना ते तिकीट काढण्यापूर्वी कळावे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सिंगापूरमध्ये जायला भारतीयांना एरवी व्हिसा लागतो. मात्र अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, जर्मनी किंवा स्वित्झर्लंड यांपैकी एखाद्या देशाचा वैध व्हिसा किंवा दीर्घ मुदतीचा वास्तव्य परवाना ज्याच्याकडे आहे, आणि जो सिंगापूरमार्गे तिसऱ्या देशात चालला आहे किंवा तिथून परतत आहे, अशा भारतीय प्रवाशाला ९६ तासांपर्यंत व्हिसाशिवाय तिथे राहू दिले जाऊ शकते. माझ्या आणि पत्नीच्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा आहे; आठ वर्षांच्या मुलीकडे आणि आईकडे तो नाही. त्या दोघींचे काय, हे मी एजंटाला पहिल्याच फोनवर विचारले होते. “मुलं आणि ज्येष्ठ नागरिक कुटुंबप्रमुखाच्याच व्हिसावर जातात, फक्त त्यांचं परवाना पत्र काढावं लागतं,” असे त्याने इतक्या सहजपणे सांगितले की मला पुढे विचारावेसे वाटले नाही. चौकशी तिथेच थांबवली, याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटते.

प्रत्यक्षात त्याने चौघांचीही परवाना पत्रे काढून प्रत्येकी ३,५०० रुपये घेतले आणि सिंगापूरच्या आगमन कार्डासाठी प्रत्येकी १,२००. एकूण १८,८०० रुपये यूपीआयने एका व्यक्तीच्या नावावरील खात्यात गेले. पावती मागितल्यावर “बिल तिकिटांबरोबर एकदमच देतो” असे उत्तर आले. आगमन कार्ड ही खरी गोष्ट आहे, ती प्रत्येक प्रवाशाला भरावीच लागते. परंतु ती पूर्णपणे मोफत आहे. सिंगापूरच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर किंवा त्यांच्या अॅपवर, पोहोचण्याच्या दिवसासह तीन दिवसांच्या आत ती कोणालाही भरता येते, आणि एकाच वेळी सगळ्या कुटुंबाचीही भरता येते. ते कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे, हेही तिथेच स्पष्ट लिहिलेले आहे.

काउंटरवरील मुलीने आमचे चारही पासपोर्ट घेतले, माझा आणि पत्नीचा अमेरिकेचा व्हिसा पाहिला, आणि नंतर माझ्या लेकीच्या पासपोर्टची पाने एकेक करून शेवटपर्यंत उलटली. ती सगळी कोरी होती. “सर, बाळाचा व्हिसा कुठे आहे? आणि आजींचा?” मी फाइलमधून पत्रे काढून दिली. तिने आपल्या वरिष्ठांना बोलावले. त्यांनी चारही पत्रे शेजारी शेजारी ठेवली आणि एका ओळीवर बोट ठेवले: चारही पत्रांवर मंजुरी क्रमांक एकच होता. तीन आठवडे ती पत्रे माझ्या घरात होती आणि हे माझ्या लक्षात आले नव्हते.

त्यांनी शांतपणे समजावून सांगितले की या सवलतीसाठी आधी अर्ज करण्याची पद्धतच नाही. प्रवेश द्यायचा की नाही, हे तिथल्या इमिग्रेशन काउंटरवरचा अधिकारी ठरवतो, आणि अटी प्रत्येक प्रवाशाने स्वतंत्रपणे पूर्ण कराव्या लागतात. आई-वडिलांचा व्हिसा मुलाला लागू होत नाही. चुकीची कागदपत्रे असलेला प्रवासी तिथे अडवला गेला तर त्याला परत आणण्याची जबाबदारी विमान कंपनीवर येते, म्हणून ते आम्हा दोघांनाच सोडू शकत होते. आईला आणि लेकीला मागे ठेवून आम्ही जाणे शक्यच नव्हते.

नुसते विमान बदलायचे असते आणि सामान थेट बालीपर्यंत नोंदवलेले असते, तर इमिग्रेशनकडे न जाता चौघांनाही ट्रान्झिट भागात थांबता आले असते. पण एजंटाने स्वस्त पडतात म्हणून दोन वेगवेगळ्या कंपन्यांची स्वतंत्र तिकिटे काढली होती, आणि मध्ये दोन रात्रींचे हॉटेलही. सामान सिंगापूरला उतरवून घ्यायचे म्हणजे इमिग्रेशन ओलांडणे आलेच. चौघांची दोन्ही तिकिटे वाया गेली. आई परतीच्या टॅक्सीत एवढेच म्हणाली, “माझ्यामुळे झालं का रे?” ते वाक्य अजून मनातून जात नाही.

एजंटाचा फोन त्या दिवसापासून बंद आहे. मी त्याच संध्याकाळी १९३० या हेल्पलाइनवर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली; पण पैसे तीन आठवड्यांपूर्वीच दिलेले असल्याने ते खात्यात गोठवण्याची वेळ निघून गेली होती. फसवणूक झाल्याचे कळताच, शक्य तर त्याच तासात, तक्रार करावी. व्यवहार क्रमांक, चॅट आणि दिलेली कागदपत्रे पुसू नयेत. जो व्हिसा तुम्ही दाखवणार आहात त्याची मुदत सिंगापूरला पोहोचण्याच्या दिवसापासून किमान एक महिना उरलेली असावी, हेही तपासून घ्यावे. तीही अट मला एजंटाने सांगितली नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पुन्हा गेलो. आईचा आणि लेकीचा सिंगापूरचा व्हिसा अधिकृत व्हिसा एजंटामार्फत रीतसर काढला. त्याचे सरकारी शुल्क प्रत्येकी ३० सिंगापूर डॉलर आहे. आगमन कार्डे मी घरी बसून भरली. सिंगापूरच्या चांगी विमानतळावरच्या अधिकाऱ्याने आमच्या दोघांच्या पासपोर्टमधले अमेरिकेच्या व्हिसाचे पान पाहिले, बालीचे तिकीट मागितले, आणि मग लेकीच्या व्हिसाची छापील प्रत वेगळी घेऊन तिचे नाव पासपोर्टशी अक्षर अक्षर ताडून पाहिले. परवाना पत्राबद्दल कोणी विचारले नाही. पासपोर्टवर शिक्काही उमटला नाही. राहण्याची मुदत सांगणारे पास ई-मेलने आले, चौघांचे चार वेगवेगळे.