अमली पदार्थ विभागातली तपासणी: वाइप की लघवी?

जप्तीची पाकिटं रोज फोडणाऱ्यांना त्यातल्या अमली भुकटीचा किती संपर्क होतो, हे कसं तपासावं असं दोघा-तिघांनी विचारलं. न्यायसहायक प्रयोगशाळेत आम्ही दोन्ही पद्धती वापरून पाहिल्या आहेत: वाइप, म्हणजे कामाच्या जागा बोळ्याने पुसून भुकटीचे अंश शोधणं, आणि कर्मचाऱ्यांची लघवी तपासणं. कॉलरला फिल्टर आणि कमरेला पंप लावून हवेतली धूळ धरायची तिसरी सोयही आहे. मोठी जप्ती एका दिवसात उरकायची असेल तेव्हा ती कामाची, रोजच्या कामात फार अवजड.

या दोन्हींत पदार्थ शरीरात गेला का, हे फक्त लघवीच सांगते. वाइप ते सांगू शकत नाही, हे मान्यच. पण लघवीत बुडवायच्या साध्या पट्टीवर एमडी, म्हणजे मेफेड्रोन, भरवशाने दिसत नाही, आणि आमच्याकडे निम्म्याहून जास्त काम त्याचंच.

तरी माझं मत बदललं ते खसखशीमुळे. विभागातल्या एका सहकाऱ्याची पट्टी अफूवर्गासाठी पॉझिटिव्ह आली. आदल्या रात्री घरी खसखशीची खीर झाली होती. खसखशीतून थोडं मॉर्फिन पोटात जातं आणि ते खिरीतलं की अमली पदार्थातलं, हा फरक पट्टीला कळत नाही. अमेरिकेत सरकारी तपासणीत पॉझिटिव्ह ठरवायची मर्यादा 1998 मध्ये मिलिलिटरला 300 वरून 2000 नॅनोग्रॅमवर नेली, त्यामागे हेच मुख्य कारण होतं. हेरॉइनची खूण असलेलं 6-मोनोअॅसिटिलमॉर्फिन शोधल्यावर बराच उलगडा होतो. आमचा तसा अहवाल यायला आठ दिवस लागले. तेवढे दिवस तो माणूस डबा खायला आमच्यात बसला नाही. ज्याच्या काळजीपोटी तपासणी केली, त्यालाच आरोपी करून ठेवलं, हे मला अजून लागतं. घरी काय खाल्लं, खोकल्याचं कोणतं औषध घेतलं, हे त्याने कुणाला का सांगावं?

वाइप माणसाला काही विचारत नाही. 10 बाय 10 सेंटिमीटरचा चौकोन, मिथेनॉलने ओला केलेला बोळा, आधी आडवा मग उभा फिरवायचा आणि मास स्पेक्ट्रोमीटरला, म्हणजे पदार्थ ओळखणाऱ्या यंत्राला द्यायचा. तराजूभोवती भरपूर सापडणार, हे ठाऊक होतं. टेबलावरच्या फोनच्या रिसीव्हरवरही तेवढंच निघालं, तेव्हा मात्र सगळे गप्प झाले. हातमोजे घालूनच फोन उचलला जात होता.

अडचणी आहेत. कामाच्या जागेसाठी आम्हाला लावता येईल अशी मर्यादा हाताशी नव्हती. न्यूझीलंडच्या 2017 च्या मानकात मेथअँफेटामिनसाठी 100 चौरस सेंटिमीटरला 1.5 मायक्रोग्रॅम हा आकडा आहे, पण तो घरांतल्या जास्त वावराच्या जागांसाठी. म्हणून आम्ही तुलनेला आपलाच मागचा महिना पुढे ठेवतो. शिवाय दर जागेला नवे हातमोजे, आणि पडताळ्यासाठी एक कोरा बोळा सोबत न्यायचाच. आपल्याच खोलीतली धूळ नमुन्यात कधी शिरते ते कळत नाही.

कुणाला मळमळलं, गरगरलं तर लघवी, रक्त दोन्ही जरूर तपासा, तेही डॉक्टरांच्या हातून आणि गुप्त ठेवून. दर महिन्याच्या पाहणीला मी वाइपच घेईन. फोन आता भिंतीवर, पाकिटं फोडायच्या टेबलापासून लांब आहे. पुढच्या दोन्ही महिन्यांत रिसीव्हरवरचं प्रमाण उतरलं.