सोयाबीन की मका : भावाच्या बाजूने पाहता

आमची शेती सांवेरच्या बाजूला आहे आणि माल इंदूरच्या छावणी किंवा लक्ष्मीबाई नगर मंडीत जातो, त्यामुळे खरीप जवळ आला की सोयाबीन लावावे की मका, हा प्रश्न घरात निघतोच. बियाणे, खत आणि उताऱ्याचा हिशेब वाचकांना ठाऊक आहे असे धरून मी केवळ भावाविषयी लिहितो.

सोयाबीनचे तेल एका बाजारात विकले जाते आणि पेंड दुसऱ्या, आणि दोन्हीकडे स्वस्त पर्याय उभा असतो. तेलासमोर पामतेल असते. पेंडीसमोर मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा, ज्याला व्यापारी डीडीजीएस म्हणतात. मक्याच्या या चोथ्यात पेंडीइतकी प्रथिने नसतात, पण तो स्वस्त पडत असल्याने कोंबडीखाद्याचे कारखानदार पेंड कमी करून तोच मिसळतात.

सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलांवरील आयातशुल्क, उपकर धरून, ५.५ वरून २७.५ टक्क्यांवर गेले, तेव्हा पाम महागल्यावर सोयातेलाची मागणी वाढेल आणि तिच्याबरोबर दाण्याचा भावही चढेल, या भरवशावर मी माल दिवाळीपर्यंत घरात ठेवला. तेल खरोखरच महागले. दाणा मात्र ४८९२ रुपयांच्या हमीभावाखालीच रेंगाळला. दाण्यात तेल जेमतेम पाचवा हिस्सा, बाकी बहुतेक पेंड, आणि पेंडीला उठाव नव्हता. माल स्वच्छ आणि वाळलेला असूनही तो मी ज्याचे कधी नावही ऐकले नव्हते अशा चोथ्यापायी स्वस्तात द्यावा लागला, याची चीड अजून गेलेली नाही.

मक्यालाही पर्याय आहेच. इथेनॉलसाठी सरकारी गोदामातला तांदूळ जानेवारी २०२५ मध्ये क्विंटलला २२५० रुपयांवर आणला गेला, आणि असा तांदूळ परवडू लागला की कारखाने मक्याकडे पाठ फिरवू शकतात. मात्र मक्याला कोंबडीखाद्य आणि स्टार्च ही आणखी दोन गिऱ्हाइके असल्यामुळे एकाने हात आखडला तरी ढीग पडून राहत नाही, असा निदान माझा दोन हंगामांचा अनुभव आहे; इतरांचा वेगळा असू शकेल. (माझ्याच मक्याचा चोथा माझ्याच सोयाबीनला नडत असेल, हेही मला कळते.)

जमिनीला नत्र देणारे आणि बटाट्यासाठी रान लवकर मोकळे करणारे पीक म्हणून थोडे सोयाबीन मी अजून ठेवतो, पण मोठा तुकडा मक्याला दिला आहे. आपल्याकडे वाळवणाला पुरेसे खळे नसेल, तर मात्र सोयाबीनच बरे, कारण ओला मका मंडीत नेला की भाव लगेच तोडला जातो.