लिनोकटचा घरगुती संच: कागदावर पास, कापडावर नापास

लिनोकट म्हणजे लिनोलियमच्या (थोडक्यात लिनोच्या) तुकड्यावर चित्र कोरून, न कोरलेल्या उंच भागाला शाई लावून काढलेला छाप. या संचाच्या खोक्यावर शुभेच्छापत्र आणि कापडी पिशवी अशी दोन्हींची चित्रं, आणि आत शाई मात्र एकाच जातीची. या संचाची गोम नेमकी इथे आहे.

पेटीत मिळतं ते असं: एक मूठ, तिच्यात बसणारी पाच पाती, दहा सेंटीमीटरचा रबरी रूळ, पाण्यात विरघळणाऱ्या शाईच्या दोन नळ्या, करड्या लिनोचे दोन तुकडे, खोडरबरासारखा मऊ गुलाबी ठोकळा आणि शाई पसरायला प्लॅस्टिकची तबकडी. सुरुवातीच्या बहुतेक संचांत थोड्याफार फरकाने हाच ऐवज असतो, त्यामुळे पुढचं बरंचसं एका खोक्यापुरतं नाही.

करडा तुकडा खरा लिनोलियम आहे, आणि संचातली सगळ्यात चांगली गोष्टही तीच. हवेने घट्ट झालेलं जवसाचं तेल, बुचाची पूड, लाकडाचा भुसा आणि राळ यांचा थर, त्याच्या पाठीला तागाचं कापड. फ्रेडरिक वॉल्टनने १८६०च्या दशकात हे बनवलं ते जमिनीवर अंथरण्यासाठी; ठसे कोरणाऱ्यांच्या हाती ते नंतर आलं. जाडी साधारण ३.२ मिलिमीटर. तेल वर्षानुवर्षं घट्ट होतच राहतं, म्हणून दुकानात पडून राहिलेला तुकडा कडक निघतो. कडेचा कोपरा हलकेच वाकवून पाहा: भुगा पडला किंवा चीर गेली तर माल जुना. तो लगेच फेकू नका. गरम पाण्याच्या रबरी पिशवीवर दहाएक मिनिटं ठेवला की कापण्याजोगा मऊ होतो. गार झाला की पुन्हा कडक, त्यामुळे कोरताना पिशवी खालीच राहू द्यावी. पृष्ठभागावर एक गुळगुळीत, मेणचट थर असतो. ४०० नंबरचा पॉलिश पेपर चार-पाच वेळा फिरवून पूड पुसून टाकली की शाई सारखी बसते. माहितीपत्रकात याचा उल्लेख नाही, आणि पहिल्याच छापाला शाई ठिपक्या-ठिपक्यांनी धरते ती बऱ्याचदा याचमुळे.

गुलाबी ठोकळा सहज कापला जातो, म्हणून नवशिक्यांना तोच आवडतो. पण त्यावर दोन मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ ठेवली तर दाबाखाली ती आडवी होते आणि छापात जाड, थरथरती उमटते. पानं, वर्तुळं, जाड पट्टे यांना उत्तम, अक्षरांना नाही. कापडाला मात्र हाच बरा, कारण विणीच्या उंचसखलपणाशी तो जुळवून घेतो.

पात्यांचं खरं सांगायचं तर पत्र्याला दाब देऊन वळवलेली ही पाती पाकिटातून निघताना ठीक असतात आणि तेवढ्यापुरतीच. धार आहे तोवर कापलेली काप गुंडाळी होऊन निघते आणि खोबणीच्या भिंती चकचकीत राहतात. धार गेली की चुरा पडतो, हात जास्त जोर लावतो आणि पातं सटकतं. इजा होते ती बोथट पात्याने. पाठीमागे लाकूड लावलेली चामड्याची पट्टी आणि धातू चमकवायची थोडी पेस्ट एवढ्यावर काम भागतं: पातं मागे ओढत दहा-बारा वेळा घासायचं, पुढे ढकलायचं नाही. गोल तोंडाच्या पात्याची आतली बाजू तेवढ्याच जाडीच्या लाकडी काडीला पेस्ट लावून घासावी. दुसरी तक्रार मुठीची. तिचा चाप कोरता कोरता ढिला होतो, पातं आत डुगडुगतं आणि वळणावर रेघ नागमोडी जाते. अधूनमधून आवळत राहणं एवढाच उपाय आहे. वळण कापताना हात स्थिर ठेवून लिनो फिरवावा, आणि दुसरा हात नेहमी पात्याच्या मागे.

खोली १ ते १.५ मिलिमीटर पुरे. तागाचे धागे दिसले म्हणजे जास्त खोल गेलात. रेघेच्या दोन्ही बाजू बाहेरच्या अंगाला उतरत्या हव्यात, बांधासारख्या. पातं आडवं धरून रेघेखालून पोखरलं तर पाच-सहा छापांनंतर तिचा तुकडाच निघून येतो. रेघांसाठी बारीक टोकाचं पातं, मोठी जागा साफ करायला रुंद गोल पातं. अक्षरं असतील तर ट्रेसिंग कागद उलटा करून गिरवायची. ही आठवण करून द्यायची गरज नसावी, पण सगळं कोरून झाल्यावरच ती होते.

रूळ चांगला आहे. काचेवर टेकवून पलीकडून उजेड धरला तर मधे फट दिसत नाही, म्हणजे रबर सरळ आहे. फक्त ठेवताना त्याचं रबर खाली टेकू देऊ नका, सपाट डाग पडतो आणि दर फेऱ्याला छापात आडवी रेघ येते. तबकडी मात्र बाजूला काढा. ती मधे फुगलेली असते, त्यामुळे रुळाच्या मधल्या भागाला शाई लागते आणि कडा कोऱ्याच राहतात. फोटोफ्रेमची काच, कडांना चिकटपट्टी लावून, कितीतरी सरस.

शाई चमचाभर ओतू नका. दहा सेंटीमीटरच्या ठशाला सुरुवातीला मोठ्या वाटाण्याएवढी पुरते. काचेवर उभी-आडवी फिरवत, मधे रूळ उचलत पसरायची. थर मखमलीसारखा दिसला आणि बारीक चरचर ऐकू आली की झालं. पचपच आवाज आला तर शाई जास्त आहे, बारीक खोबण्या भरणारच. ठशावर एक जाड थर देण्यापेक्षा तीन-चार पातळ थर द्यावेत.

नळीतली पाण्याची शाई कागदाला चालते, पण वेळ देत नाही. कोरड्या हवेत ती काचेवरच वाळायला लागते आणि छाप मीठ भुरभुरल्यासारखा येतो. ग्लिसरीनचे एक-दोन थेंब मिसळले की थोडी उसंत मिळते. वाळल्यावरही ओलं बोट लागलं तर डाग पसरतो, म्हणून छापावर जलरंग भरायचा बेत असेल तर ही शाई नको. कागद (दर चौरस मीटरला) ४० ते ६० ग्रॅम वजनाचा, लांब धाग्यांचा असेल तर लाकडी चमच्याच्या पाठीने घासूनही काळा भाग भरीव येतो. साधा ८० ग्रॅमचा गुळगुळीत कागद सरावाला ठीक. २०० ग्रॅमच्या पुढचा खरबरीत कागद यंत्राशिवाय जमत नाही, कितीही घासा. घासताना मधून बाहेर छोटी वर्तुळं, वर एक पातळ कागद, आणि एक हात कायम छापावर दाबून. एक कोपरा उचलून पाहा. फिकट वाटला तर तो तसाच परत बसवून पुन्हा घासता येतो.

आता कापड. ही शाई कापडावर सुरेख उमटते आणि पहिल्या धुण्यात निघून जाते. त्यात चूक तुमच्या हाताची नाही, शाईत कापडाला धरून ठेवणारं काही नाही. दोन मार्ग आहेत. एक, कापडासाठीची तेलबेस ठसाशाई: रुळाने छान पसरते, रेघ ताठ येते, पण पक्की वाळायला आठवडा किंवा त्याहून जास्त लागतो. दोन, इस्त्रीने पक्का होणारा ॲक्रिलिक कापडरंग: तो पातळ असल्याने रूळ घसरतो आणि खोबण्या भरतात, म्हणून स्पंजने टिपून लावायचा. एक दिवस वाळू द्यावा, मग वर कागद ठेवून, वाफ बंद करून, कापडाला सोसेल तितक्या गरम इस्त्रीने तीन ते पाच मिनिटं, इस्त्री हलती ठेवून. नेमका वेळ बाटलीवरचा पाळावा.

नवीन सुती कापडात खळ असते. ते साबणाने धुवा, मऊपणाचं द्रावण टाळा. पाण्याचा थेंब टाकून बघा: मोत्यासारखा वर राहिला तर अजून एकदा धुवायचं. छापताना कापडाखाली चार पदरी चादर हवी; कडक टेबलावर ठशाचा मधला भाग टेकतच नाही. लिनो जाड प्लायवूडच्या तुकड्यावर चिकटवला तर तळव्याचा दाब सगळीकडे सारखा जातो. पहिले दोन-तीन छाप फिकेच येतात, ते चिंध्यांवर काढा. दहाएक छापांनी खोबण्या भरू लागतात, तेव्हा जुन्या टूथब्रशने ठसा साफ करा.

थोडक्यात, फक्त कापडच छापायचं असेल तर हा संच घेऊ नये. मऊ ठोकळे, दोन पाती आणि कापडरंग सुटे घेतलेले बरे. कागदासाठी घ्यावा, आणि तबकडीऐवजी काच वापरावी. माहितीपत्रकात दुसराच प्रयोग म्हणून एकाच तुकड्यावर कोरत-छापत जायची तीन रंगांची पद्धत सुचवली आहे. पिकासोने १९५०च्या दशकाअखेरीस गाजवलेली ही रीत सुंदर आहे, पण तिच्यात माघार नाही: दुसरा रंग कोरला की पहिला पुन्हा छापता येत नाही. त्यात कागद दर वेळी त्याच जागी बसायला हवा. पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या काटकोनात चिकटवून त्यांना ठसा आणि कागद टेकवायचा, हा साधा साचाही पत्रकात नाही.

शेवटची चूक धुण्याची. पत्रक सांगतं, ठसा नळाखाली धरा. असं केल्यास ताग पाणी पितो आणि लिनो वाकतो. ओल्या फडक्याने पुसून पुस्तकांच्या वजनाखाली सपाट वाळवा. तेलबेस शाई वापरली असेल तर पुसलेल्या चिंध्या चुरगाळून डब्यात टाकू नका. जवसाचं तेल हवेशी मिळताना तापतं आणि अशा बोळ्यांना आपोआप आग लागू शकते. त्या पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा, किंवा घराबाहेर एकेक पसरून पूर्ण वाळवून मगच फेका.