जिप्सीचं सस्पेन्शन आणि तुर्भ्याचे कमानवाले मिस्त्री

चार स्टार. पाचवा का कापला ते खाली लिहितो. गॅरेजचं नाव लिहीत नाहीये कारण मिस्त्रींनीच सांगितलं, "नाव टाकू नका साहेब, पोरं रील बनवायला येतात आन् काम राहतं बाजूला." तुर्भे एमआयडीसीत ट्रकच्या कमानी (म्हणजे लीफ स्प्रिंग, लोखंडी पाट्यांची चवड) बनवणाऱ्यांची लाईन आहे तिथे जाऊन जिप्सीवाले मिस्त्री कोण असं विचारा, कोणीही बोट दाखवेल. बाहेर ट्रकचे पाटे रचलेले, आत एक भट्टी, एक प्रेस, आणि कायम एक-दोन जुन्या जीपा नाहीतर जिप्सी जॅकवर चढवलेल्या.

माझी गाडी २००४ ची जिप्सी किंग, १३०० वाली, सॉफ्ट टॉप, एमएच ०४ पासिंग. राहायला कासारवडवलीला, त्यामुळे निम्मं ऑफरोडिंग घोडबंदर रोडवरच उरकतं, उरलेलं मुरबाड-शहापूरच्या बाजूला.

जिप्सी ज्यांनी चालवलीय त्यांच्या कमरेला सांगायची गरज नाही, पण बाकीच्यांसाठी थोडक्यात. पुढे पण सॉलिड ॲक्सल (दोन चाकांना जोडणारा एकसंध दांडा), मागे पण सॉलिड ॲक्सल आणि चारही कोपऱ्यांना पाटे. १९८५ ला गाडी आली तेव्हापासून अगदी २०१९ ला बंद होईपर्यंत कॉइल स्प्रिंग तिने पाहिली नाही. फौजेत इतकी वर्षं टिकली त्यात या साधेपणाचा मोठा हात आहे, पाटा तुटला तर कुठल्याही तालुक्याच्या गावात कमानवाला मिळतोच. पण कमान बनवलीय माणसं आणि सामान भरून जायच्या हिशोबाने आणि आपण फिरतो दोघं जण आणि एक पाण्याचा कॅन घेऊन, मग कमान उघडणार कशी, ती आपली तशीच ताठ बसून राहते आणि खड्डा थेट मणक्यात येतो. त्यात वीस वर्षांची गाडी म्हणजे पाट्यांच्या मधे गंज, पाटे एकमेकांवर सरकायच्या ऐवजी चिकटलेले, बुश (कमानीच्या सांध्यातले रबर) चपटे झालेले. मग लोक म्हणतात जिप्सीचं सस्पेन्शनच वाईट. अहो ते सस्पेन्शन राहिलंय कुठं, तो लोखंडाचा एक ठोकळा झालाय.

ऑफरोडला याचा त्रास वेगळाच. ओढ्यात डावीकडचं पुढचं चाक दगडावर चढलं की डावीकडचंच मागचं चाक हलकं पडतं, कमान खाली उघडत नसेल तर ते सरळ हवेत जातं. जिप्सीचं डिफरन्शियल (ॲक्सलवरचा गोळा, दोन चाकांत ताकद वाटणारा) ओपन, लॉक वगैरे काही नाही, मग मागची ताकद त्या हवेतल्या चाकाला मिळते आणि ते भिरभिरत बसतं. तिकडे पुढच्या ॲक्सलवर उजवं चाक खाली पोचत नसेल तर तिथेही तीच गत. फोर व्हील लो टाकून दोन चाकं फिरतायत आणि गाडी जागेवर, हे दृश्य जिप्सीवाल्यांनी भरपूर बघितलेलं असतं. म्हणजे चाक जितकं खाली लटकून जमिनीला चिकटून राहील तितकी गाडी पुढे जाणार, खरा खेळ तिथे आहे. उंची नंतर.

पण दुकानात जाऊन सस्पेन्शन म्हटलं की समोरचा पहिला प्रश्न विचारतो किती इंच करायचंय. ठाण्यात एका ॲक्सेसरीवाल्याने मला पाहताक्षणी स्प्रिंग ओव्हरचं कोटेशन दिलं होतं. जिप्सीत कंपनीकडून कमान ॲक्सलच्या खालून जाते, ती काढून ॲक्सलच्या वर बसवायची, की गाडी एका फटक्यात चार-पाच इंच वर. फोटोत जबरदस्त दिसते, खोटं कशाला बोलू. तोच प्रश्न घेऊन तुर्भ्याला गेलो तर मिस्त्री (मूळ साताऱ्याकडचे, आयुष्य ट्रकच्या कमानीत गेलेलं) चहाचा ग्लास खाली ठेवून म्हणाले, "करून देतो की. पन मग स्टीअरिंगचं काय करनार? प्रोपेलरच्या क्रॉसचं काय? ब्रेकच्या नळीचं काय? ते समदं करायचं आसंल तर बोला, नुसती उंची करून मी गाडी बाहेर सोडत नाय."

आणि बरोबर आहे त्यांचं. एवढी उंची झाली की स्टीअरिंगचा ड्रॅग लिंक (चाकं वळवणारा दांडा) तिरका होतो, मग प्रत्येक खड्ड्यात स्टीअरिंग आपोआप वळतं. प्रोपेलरचा (ॲक्सलला ताकद नेणाऱ्या फिरत्या दांड्याचा) कोन वाढतो, क्रॉस म्हणजे त्याचे सांधे वाजायला लागतात. ॲक्सल कमानीच्या खाली लटकल्यामुळे जोरात ॲक्सिलरेटर दिला की तो स्वतःच पीळ खातो आणि पाटे एस आकारात वाकतात, त्याला वेगळा दांडा लावावा लागतो. ब्रेकचे होज लांब घ्यावे लागतात. हे सगळं नीट केलेल्या गाड्या आहेत आणि त्या भारी चालतात, पण ती गाडी ट्रेलरवरून न्यायची. मला सोमवारी याच गाडीने ऐरोलीला ऑफिसला जायचं असतं.

अजून एक गोष्ट जी विकणारा कधी सांगत नाही. नुसत्या सस्पेन्शनने डिफरन्शियलचा गोळा एक मिलिमीटरही वर जात नाही, तो ॲक्सलवर आहे आणि ॲक्सल चाकावर. बॉडी वर जाते, पुढचा-मागचा कोन सुधारतो, पण गोळा दगडाला लागायचा तो लागतोच. गोळा वर न्यायचा तर टायर मोठा पाहिजे. कंपनीचा २०५/७० आर १५ साधारण ६६८ मिमी उंच भरतो, २१५/७५ आर १५ साधारण ७०३, म्हणजे गोळ्याखाली सतरा-अठरा मिमी जागा मिळाली, आणि एवढा टायर बसवायला गाडी आकाशात न्यावी लागत नाही. स्पीडोमीटर तेवढा पाचेक टक्के कमी दाखवतो, पोलिसांना ते कारण चालत नाही.

तर आमचं ठरलं असं: जुन्याच कमानी पण नीट करायच्या, दीड इंचाच्या वर जायचं नाही आणि पैसे शॉकअपमधे घालायचे. कमानी उतरवल्यावर मिस्त्रींनी पाटे सुटे केले, एकेक वाजवून बघितला, दोन ठिकाणी बारीक तडा सापडला ते पाटे बाजूला. बाकीचे भट्टीत लाल करून वाक दिला, तेलात टाकून पाणी दिलं (म्हणजे झटकन थंड करून कडक केले) आणि परत कमी आचेवर तापवले. हा भट्टीचा भाग महत्त्वाचा आहे कारण बरेच जण पाटा थंडाच हातोड्याने ठोकून वाक देतात, गाडी दुकानातून निघताना उंच दिसते आणि पहिल्या पावसाळ्याआधी परत बसते. नवे दोन पाटे स्प्रिंग स्टीलचेच घेतले, एसयूपी ९, जे कमानीला सर्रास वापरतात. मागच्या कमानीतला एक जाड पाटा काढून त्याजागी पातळ टाकला. याचा अर्थ मागे आता लग्नाचं सामान भरायचं नाही, हे त्यांनी मला दोनदा ऐकवलं. पाट्यांच्या टोकाला मधे नायलॉनच्या चकत्या टाकल्या, त्यामुळे पाटे आता खरोखर सरकतात, कुरकुर बंद.

बुश मी पॉलियुरेथेनचे आणून दिले होते, लाल रंगाचे, महागातले. त्यांनी परत केले. ते म्हणाले हे सर्किटवर पळणाऱ्या गाडीला ठीक, कमानीच्या डोळ्यात कडक बुश घातला की कमान पीळ घेत नाही, आणि वरून चीं चीं वाजतं. साधे रबरी घातले. आणि एक बारकाई मला फार आवडली, शॅकलचे (कमानीचं टोक धरणाऱ्या झुलत्या पट्टीचे) आणि बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना फक्त हाताने लावले, खाली उतरवून, चारही चाकांवर वजन आल्यावर, गाडी दोन-चार वेळा दाबून मगच आवळले. हवेत आवळले तर रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. कित्येक चकाचक वर्कशॉपमधे हे करत नाहीत. यू बोल्ट (कमान ॲक्सलला आवळणारे) नवीन, जुने परत वापरायचा प्रश्नच नाही, आणि पाचशे किलोमीटरनंतर येऊन परत आवळून घ्यायचे.

शॉकअपचं म्हणाल तर माझ्या मनात ऑस्ट्रेलियातल्या ओल्ड मॅन एमूचा सेट होता. आपली जिप्सी म्हणजे तिकडे सिएरा नावाने विकली गेली त्याच घराण्यातली, त्यामुळे शोधलं तर माल मिळतो, पण मागवायचा खर्च बघून बायकोला दाखवायची हिंमत झाली नाही. मिस्त्रींनी ब्रँडबद्दल चकार शब्द काढला नाही, फक्त मापं घेतली. एक चाक रॅम्पवर पूर्ण दाबून शॉकअपच्या दोन टोकांमधलं अंतर, मग तेच चाक पूर्ण लटकवून अंतर. पहिल्या मापापेक्षा बंद शॉकअप आखूड पाहिजे, दुसऱ्यापेक्षा उघडा शॉकअप लांब पाहिजे, नाहीतर वर आपटतो किंवा खाली लटकताना तोच चाकाला धरून ठेवतो आणि आपण कमानीवर केलेला सगळा खर्च वाया. त्या मापाचे ट्विन ट्यूब गॅसचे मिळाले, इथलेच, आणि बंप स्टॉप (ॲक्सल वर आपटू नये म्हणून असलेले रबरी ठोकळे) नवे टाकून घेतले. कंपनीचा शॉकअप तसाच ठेवून फक्त कमान उंच करणाऱ्यांनी हा परिच्छेद परत वाचावा.

आता फरक. रस्त्यावर जिप्सी मर्सिडीज झालेली नाही, गायमुखच्या घाटातले खड्डे अजून कळतात, पण आधी कळायचे म्हणजे दात वाजायचे, आता गाडी एकदा वर-खाली होते आणि शांत बसते. सोसायटीच्या स्पीडब्रेकरवर मागच्या सीटवरची आई आता देवाचं नाव घेत नाही. मुंब्रा बायपासला कंटेनरच्या शेजारून जाताना गाडी हलते थोडी, वळणावर झुकतेही आधीपेक्षा जास्त, ते नाकारत नाही, मऊ केलं की हे येणारच. ऑफरोडला मात्र दिवस-रात्रीचा फरक. मुरबाडच्या पुढे एका ओढ्यात जिथे हमखास मागचं चाक उचलायचं तिथे टायरची हवा अठरा पीएसआयवर आणून सेकंड लो मधे गाडी अशी काही रांगत गेली की बरोबरच्या नव्या थारवाल्याने उतरून खाली वाकून बघितलं. (आणि कृपया, पावसात जाणार असाल तर ओढ्यात खेळा, लावणी झालेल्या शेतात आणि बांधावर गाडी घालू नका, मग गावकरी रस्ता अडवतात आणि बोलणी सगळ्यांनाच बसतात. येऊरचा तर विचारही नको, ते नॅशनल पार्क आहे.)

आता तो कापलेला स्टार. पहिलं म्हणजे वेळ. "परवा या" म्हणजे परवा नाही, तो एक प्रकारचा आशीर्वाद आहे. मधेच एखादा ट्रक कमान तुटून येतो, त्याचा माल अडकलेला असतो, मग आपली गाडी विटांवर. फोन उचलत नाहीत, पोरगा उचलतो आणि "काम चालूय" म्हणतो. दुसरं, पक्कं बिल नाही, वहीच्या पानावर हिशोब. तिसरं जरा गंभीर आहे: गाडी घेऊन निघालो तर सानपाड्याच्या सिग्नलला स्टीअरिंग पूर्ण कापल्यावर पुढचा डावा ब्रेक होज टायरला घासत होता. परत गेलो, पाच मिनिटांत क्लिप बदलून दिली, पैसे नाही घेतले, पण हे त्यांनी गाडी सोडताना बघायला हवं होतं. त्यामुळे तुम्ही जाल तेव्हा तिथेच दोन्ही बाजूंना स्टीअरिंग पूर्ण कापून, खाली बसून होज बघून घ्या.

अलाइनमेंटची मशीन त्यांच्याकडे नाही. उंची वाढली की कॅस्टर (पुढची चाकं ज्या खुंटीवर वळतात तिचा मागे-पुढे कल) बदलतो आणि वळल्यावर स्टीअरिंग स्वतःहून सरळ येत नाही, हायवेला गाडी भटकते. त्यांनी अंदाजाने कमान आणि ॲक्सलच्या मधे पाचर टाकली होती, बाहेर मशीनवर मोजलं तर जवळपास बरोबर निघाली. हाताचं कौतुक आहे, पण मोजून घ्याच. आणि ज्यांचं स्टीअरिंग साठच्या पुढे थरथरतं त्यांनी आधी किंगपिन बेअरिंग आणि टाय रॉड एन्ड तपासा, जिप्सीत दहातल्या आठ वेळा भूत तिथे असतं. नव्या कमानी घालून ते जात नाही.

कायद्याचं पण सांगून टाकतो कारण नंतर कोणी बोलायला नको. जानेवारी २०१९ मधे सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर नोंदवलेल्या आणि कंपनीने ठरवून दिलेल्या तपशिलात बदल होईल असं काही गाडीत करता येत नाही, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतं. पंधरा वर्षांच्या पुढच्या गाड्या दर पाच वर्षांनी रीपासिंगला उभ्या राहतात, तिथे बंपरच्या बाहेर आलेले टायर आणि फूटभर उंच गाडी इन्स्पेक्टरच्या डोळ्यात पहिली भरते. आमच्या कामात कमान तीच, जागा तीच, पण सगळे जुने पाटे जपून ठेवलेत. मिस्त्रींनीच पोत्यात बांधून दिले.

खर्च सगळा मिळून चाळीस हजारांच्या आत, त्यात अर्ध्याहून जास्त शॉकअपचे. टायर वेगळे. महिंद्राची जुनी मेजर, क्लासिक, एमएम ५४० वगैरे असेल तर तेही करतात, ते तर त्यांचं आवडतं काम. पहिली सीआरडीई (कॉमन रेल डिझेल) थार असेल तर मागच्या कमानीपुरतं जा, पुढे तिला टॉर्शन बार (कमानीऐवजी पीळ घेणारी दांडी) आहे, त्याला ते हात लावत नाहीत आणि तसं तोंडावर सांगतात. सकाळी दहाच्या आत पोचा, नंतर ट्रक लागतात. रविवारी बंद. मे महिन्यात गर्दी असते कारण सगळ्यांना पावसाच्या आधी गाडी हवी असते, त्यापेक्षा दिवाळीनंतर न्या.