आमच्या प्लॉटखाली विहीर होती, आणि विकणाऱ्याला ते माहीत होतं

जळगाव जिल्ह्यात चोपड्याजवळच्या एका बिनशेती लेआउटमध्ये आम्ही 7 लाखांना प्लॉट घेतला. शेजारच्यापेक्षा 40 हजारांनी स्वस्त. मागच्या ओळीत आहे म्हणून, असं दलालाने सांगितलं. आजूबाजूला सगळी काळी माती, आमच्या तुकड्यावर मात्र ताजा मुरूम टाकून रोलर फिरवलेला. भरावाचा खर्च वाचला म्हणून आम्हाला बरंच वाटलं. कडेला लोखंडी खांब होता, त्यावर पाण्याच्या पंपाच्या स्टार्टरची गंजलेली पेटी. "जुना लाइटचा खांब आहे, काढून टाकू," असं उत्तर मिळालं. स्टार्टर तिथे कशाला असेल, हे मी विचारायला हवं होतं.

जोत्यापर्यंत काम आलं आणि ऑगस्टमध्ये तीन दिवस झड लागली. चौथ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराचा कोपरा कॉलमसकट खाली गेलेला. बारा-तेरा फुटांचा गोल खड्डा. आदल्या संध्याकाळी तिथेच शेजारची पोरं खेळत होती. ते आठवलं की आजही झोप लागत नाही.

विकणारा आला, त्याने मोबाइलवर ग्वातेमाला शहरातल्या 2010 सालच्या खड्ड्याचा फोटो दाखवला. "हे सिंकहोल आहे, निसर्गाची करणी, आमचा काय दोष?" घरचे गप्प झाले. मीही दोन दिवस तेच खरं मानलं.

मग भूगोल शिकवणाऱ्या एका ओळखीच्या सरांना खड्डा दाखवला. ते म्हणाले, जमीन आपोआप अशी खचते ती मुख्यतः चुनखडकाच्या प्रदेशात. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं, चुनखडक विरघळवतं आणि खाली पोकळ्या तयार होतात. आपल्याकडे तापीचा गाळ आणि त्याखाली बेसाल्ट. बेसाल्ट तसा विरघळत नाही. ग्वातेमालातही चुनखडकाचा दोष नव्हता. तिथे ज्वालामुखीच्या राखेचे भुसभुशीत थर होते, आणि फुटक्या गटारांच्या पाण्याने ते आतून वाहून गेले असं भूगर्भतज्ज्ञांनी सांगितलं होतं.

खरं कारण एका म्हाताऱ्या सालदाराने (वर्षाच्या कराराने राबणाऱ्या शेतगड्याने) सांगितलं. खड्ड्यात डोकावून म्हणाला, "भाऊ, आठे विहीर व्हती ना! मी सोता तिना गाळ काढेल शे."

ट्यूबवेल आल्या, पाणी खोल गेलं, आणि आमच्या भागातल्या कितीतरी विहिरी कोरड्या पडल्या. बुजवताना थराथराने माती टाकून धुम्मसाने ठोकून दाबायला वेळ कोणाला? पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं), केळीचे खांब, पडक्या भिंतीचे दगड, टायर, आणि वर दोन ट्रॉल्या मुरूम. पऱ्हाट्या कुजतात, दगडांत फटी राहतात. पाणी मुरलं की बारीक माती त्या फटींत उतरते आणि पोकळी हळूहळू वर सरकते. वरून जमीन सपाट नि टणक दिसते, खाली मातीचं हातभर छत उरलेलं असतं. मुंबईत घाटकोपरला जून 2021 मध्ये उभी कार काँक्रीटने झाकलेल्या जुन्या विहिरीत बुडाली होती.

आम्ही फक्त प्लॉटचा नवा सातबारा पाहिला होता, त्यावर काहीच नव्हतं. मूळ शेताचा जुना हस्तलिखित उतारा काढला, तर पीकपाहणीत सिंचनाच्या साधनापुढे स्पष्ट लिहिलेलं: विहीर. तो उतारा आणि मूळ गटाचा मोजणी नकाशा इसार देण्याआधी मागा. गावातल्या जुन्या माणसाला घेऊन जमिनीवरून एक चक्कर मारा. पावसाळ्यात कुठे गोल खोलगट भागात पाणी साचतं का, ते बघा. शंका आली तर जेसीबीने दहा फूट खणून दाखवायला सांगा. टाळाटाळ झाली तर उठून या.

मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882, कलम 55 प्रमाणे खरेदीदाराला साध्या दक्षतेने कळणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याला माहीत असेल, तर तो सांगणं त्याच्यावर बंधनकारक आहे. त्याच आधारावर वकिलामार्फत नोटीस दिली आहे. उत्तर आलेलं नाही.

खड्ड्याभोवती मी बाभळीचे काटे लावले आहेत. विहिरीचा अर्धा घेर शेजारच्या प्लॉटखाली जातो. त्यावरही ताजा मुरूम पडला आहे, आणि तो प्लॉट विकायचा आहे.